पूजा झालेला पंप

आमच्या घरात मोटार आली तेव्हा आमच्या चारठाणा गावातले लोक आठ दिवस ती बघायला येत होते, आणि त्या आठ दिवसांत ती दोनदा बंद पडली. निजामाचे एक तालुकदारसाहेब, म्हणजे तेव्हाचे कलेक्टर, नोकरी संपवून हैदराबादला निघाले आणि जाताजाता ती आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, गळ्यात मारून गेले. तोवर मोटारीची दहा वर्षं झाली होती. ‘बडा घर पोकळ वासा’ ही म्हण शाळेत पाठ केली होती, पण तिचा अर्थ मला मोटारीचं बॉनेट उघडल्यावर कळला. बाहेरून आरशासारखी लकाकी आणि आत सगळं गंजलेलं, सुतळीनं आवळलेलं. आप्पांना त्याचं काही नव्हतं. दारात मोटार उभी असणं एवढंच त्यांना पाहिजे होतं.

ती चालती ठेवायचं काम माझं. मी तेव्हा तेविशीत होतो. औरंगाबादेत एका मुसलमान मिस्त्रीच्या हाताखाली दीड वर्ष काढून आलो होतो. वाण्याच्या पोरानं तराजू सोडून पाना धरला म्हणून आप्पा माझ्याशी दोन महिने धड बोलले नव्हते. मोटार आली आणि तोच पाना अचानक घरच्या इभ्रतीचा झाला. मिस्त्री कमी बोलायचा, पण एक गोष्ट त्यानं मला शंभरदा सांगितली होती, “मियाँ, नवी चीज का मुँह आखिर में खोलना.” नव्या पंपाच्या तोंडांना कागदाची बुचं असतात. नळी जोडायच्या क्षणापर्यंत ती काढायची नाहीत, कारण आत गेलेला कण मोटार थांबवल्याशिवाय राहत नाही. हे मला पक्कं ठाऊक होतं. पुढे जे सांगणार आहे ते वाचताना हे लक्षात ठेवा, म्हणजे दोष कुणाकुणाला द्यायचा ते तुम्हाला नीट ठरवता येईल.

घरात आप्पा, काका-काकू, मी आणि आक्का. आई मी लहान असतानाच गेली, म्हणून घर काकूच्या हातात. आक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिचं लग्न अकराव्या वर्षी झालं आणि सोळाव्या वर्षी ती परत आली, कारण नवरा पटकीनं गेला. तेव्हापासून अकरा वर्षं ती आमच्या चुलीपुढे होती. आम्ही लिंगायत. आमच्यात विटाळ मानत नाहीत, सुतक मानत नाहीत, विधवेच्याही गळ्यात लिंग असतं आणि तिचं दुसरं लग्न लागायला धर्माची आडकाठी नाही. आप्पा दुकानात गादीवर बसून गिऱ्हाइकांना हे मोठ्या अभिमानानं सांगत. आणि त्याच घरात हळदी-कुंकवाच्या दिवशी आक्का माजघराचं दार लावून आत बसायची. तिला कुणी बस म्हणत नसे. ती आपणहून बसायची, कारण न बसल्यावर काय होतं ते तिनं एकदा पाहिलं होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईचे दिवस होते. अशात एका जंगम स्वामींनी एक स्थळ आणलं. मानवतचा कापसाचा आडत्या, बायको वारलेली, दोन लहान मुलं. त्यानं स्वतः निरोप दिला होता की मला नवी पोर नको, घर सांभाळील अशी जाणती बाई पाहिजे. आप्पांनी चार दिवस विचार केला आणि हो म्हणाले. आप्पांचं मला हे कबूल करायला हवं, की त्यांना हे खरंच घडायला हवं होतं. त्या काळात आपल्या विधवा मुलीला घेऊन दुसऱ्याच्या दारात जाणारा बाप आमच्या पंचक्रोशीत दुसरा नव्हता.

आक्कानं मला एकटं गाठून एकच विचारलं, “लेकरं केवढाली हायत रे?”

मी म्हणालो, “थोरला पाचाचा, धाकटी तिनाची म्हनं.”

दुसऱ्या दिवशी तिनं रव्याचे लाडू केले आणि एका धुतलेल्या फडक्यात बांधून ठेवले. अकरा वर्षांत तिला काही हवंसं वाटल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं.

आता मानवतला जायचं कसं? सेलूपर्यंत बैलगाडी आणि पुढे आगगाडी, ही सरळ वाट. पण वाटेत दहा माणसं विचारणार, ‘कुठं निघालाव?’ आणि जुळलं नाही तर तीच दहा माणसं सांगत सुटणार. म्हणून आप्पांनी ठरवलं की मोटारीनं जायचं, मागच्या बाजूला पडदे लावून, कुणाला न सांगता. स्वामींनी दिवस दिला होता, वेळही दिली होती. दुपारी बाराच्या आत आडत्याच्या घरी पोचायचं. बारानंतरची वेळ चांगली नव्हती, आणि त्याचे थोरले चुलते अशा बाबतीत फार कडक होते. म्हणजे आक्काचं उरलेलं सगळं आयुष्य आमच्या मोटारीवर आणि पर्यायानं माझ्यावर टेकलेलं होतं.

आणि मोटारीचा पंप नेमका गेलेला होता. हा पंप इंजिनाच्या कुशीत असतो. टाकीतलं पेट्रोल ओढून तो वर कारबुरेटरला देतो. त्याच्या आत एक कापडी चकती असते, ती फाटली होती. मी तिच्या जागी मेणकापडाचे तीन थर कापून घातले, ते अडीच कोस चालले. मग आम्ही दुसरी युक्ती काढली. पेट्रोलचा डबा उंच धरायचा आणि रबरी नळीनं पेट्रोल सरळ कारबुरेटरमध्ये सोडायचं. दुकानातला हमाल फुटबोर्डावर उभा राहून डबा धरायचा आणि मोटार मजेत चालायची. पण आप्पा भडकले. “पोरगी दाखवायला निघालोत आन् फुटबोर्डावर डबा धरून हमाल? मानवतचे लोक काय म्हनतील?” त्यांनी ओळखीपाळखीनं हैदराबादहून नवा पंप मागवला. लढाईमुळे सुटे भाग मिळत नव्हते. दोन महिने लागले, आणि जायच्या आदल्या दिवशी सकाळी तो एका माणसाबरोबर आला. तेलकट कागदात गुंडाळलेला, दोन्ही तोंडांत कागदाची घट्ट बुचं.

मी तो अंगणात घेऊन निघालो तर काकूनं अडवलं. “कुठं न्यायलास? नवी वस्तू हाय, आदी देवापुढं ठीव.”

आमच्याकडे नवा विळा आला तरी आधी देवापुढे जायचा. मी पंप पाटावर ठेवला. काकूनं विभूती लावली, हळद लावली, कुंकू लावलं. मग थांबली आणि त्या बुचांकडे बघत म्हणाली, “हे काय कोंबलंय?”

“तोंडं बांधलीत, काकू. आत कचरा जाऊ नये म्हनून.”

“तोंड बांधल्याल्या वस्तूची पूजा व्हतीया व्हय? काढ ते.”

मी म्हणालो, नको. मिस्त्रीचं वाक्य माझ्या अगदी जिभेवर होतं. पण आप्पा शेजारीच उभे होते. ते म्हणाले, “काढ की. एका घटकेत काय व्हतंय?” आणि मी थांबलेलो पाहून त्यांनीच वाकून दोन्ही बुचं बोटानं उपटली.

काकूनं अक्षता घेतल्या. एकटीनं टाकल्या असत्या तर कदाचित एवढं झालं नसतं. पण उद्याच्या कामाचा सगळ्यांना आनंद होता. काका म्हणाले, “आमालाही द्या, लगीनच हाय म्हना,” आणि सगळे हसले. मग आप्पांनी, काकांनी, काकूनं, नुसता पंप बघायला आलेल्या शेजारच्या दोन सुवासिनींनी, सगळ्यांनी मिळून त्या लोखंडाच्या तुकड्यावर मूठमूठ लाल अक्षता टाकल्या. जिच्यासाठी हे चाललं होतं ती आक्का माजघराच्या दारामागे होती. तिच्या हातात मात्र कुणी चार दाणे दिले नाहीत.

मी पंप उचलला, उलटा केला, हलवला. चारपाच दाणे खाली पडले. आणखी हलवला, पुन्हा एक पडला. येणाऱ्या तोंडाला आत जाळी असते, तिकडून भीती नव्हती. जाणाऱ्या तोंडाला जाळी नसते. तिथे आत पैशाएवढी एक झडप असते आणि तिच्यावर आट्यांचं लोखंडी बूच. ते बूच खोललं की दहा मिनिटांत सगळं स्वच्छ दिसतं. मी आप्पांना म्हणालो, “एकदा खोलून बघतो.”

“पूजा झाल्याली वस्तू खोलू न्हाई,” आप्पा म्हणाले. “बसीव.”

मी बसवायला गेलो. एवढंच बोलून मी गप्प बसलो, हे मला नीट लिहून ठेवायचं आहे. आप्पा रागावतील, काकू रुसेल, आणि सगळ्या घराचा उत्साह माझ्यामुळे विझेल, असल्या फालतू कारणांसाठी मी दहा मिनिटांचं काम सोडून दिलं. त्या वेळी मी त्याला आज्ञाधारकपणा म्हणत होतो. तो शुद्ध भेकडपणा होता.

पंप दोन बोल्टांवर बसतो. पुढचा बोल्ट सोपा. मागचा मात्र इंजिन आणि चौकट यांच्या बोळात असतो, तिथे माझा हात मनगटाशीच अडायचा. त्यातून पंपाची एक दांडी इंजिनाच्या आत जाते. आत एक वाकडं चाक फिरत असतं, दांडी त्याच्या वरच टेकली पाहिजे. चुकून खाली गेली तर मोटार सुरू करायच्या हँडलच्या पहिल्याच फेऱ्यात तुटते. तासभर मी उताणा, पालथा, कुशीवर होऊन पाहिलं. हाताची सालटी निघाली. आक्का ओसरीवर डाळ निवडत होती. ती सूप खाली ठेवून आली.

“सरक, मी बघते.”

तिचा हात बारीक होता. बोळात सरळ गेला. “बांगडी न्हाई ना, म्हनून अडंना,” ती म्हणाली आणि हसली. मला हसू आलं नाही.

“बोटाला काय लागतंय?”

“गुळगुळीत हाय काहीतरी. गोल.”

“मी हँडल सावकाश फिरवतो. ते वर आलं की सांग.”

“आलं... आलं... आता खाली जायलंय. गेलं.”

“आता दांडी त्याच्यावर टेकव आन् दाबून धर.”

तिनं दाबून धरलं. मी पुढचा बोल्ट आवळला. मागचा तिनंच बोटांनी फिरवत नेला, आणि शेवटचे दोन फेरे मी पान्यानं दिले. नळ्या जोडल्या. हँडल मारलं तशी मोटार तिसऱ्या झटक्याला सुरू झाली. आक्काचे दोन्ही हात कोपरापर्यंत काळे झाले होते आणि ती इंजिनाकडे असं बघत होती, जसं एखाद्यानं स्वतः लावलेल्या झाडाकडे बघावं. त्या दीड तासाइतकं आम्ही भाऊ-बहीण पुढे कधी एकत्र हसलो-बोललो नाही.

तेवढ्यात काकू बाहेर आली. तिनं आधी मोटार पाहिली, मग आक्काचे हात.

“मी सकाळी पूजा केली आन् हिनं हात लावला व्हय?”

“माझा हात जाईना, काकू,” मी म्हणालो.

“दुसरं कुनी न्हवतं?” असं म्हणून ती आत गेली आणि तांब्या आणून बॉनेटवर पाणी शिंपडलं. आप्पा ओट्यावरून बघत होते. आमच्यात विटाळ नसतो, हे त्या वेळी त्यांना आठवलं नाही. ते मला म्हणाले, “ती नळी आन् डबा काढून ठीव. आता कशाला पायजेल?” मी ते दोन्ही गोठ्यात नेऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो. पुढे मी आणि आप्पा, मागे पडद्यात आक्का आणि तिचं लाडवांचं फडकं. सेलूपर्यंत मोटार एखाद्या शहाण्या गाईसारखी चालली. आप्पा खुशीत होते. दुधना नदी ओलांडली, चढ चढलो, आणि इंजिन खोकायला लागलं. एक आचका, दुसरा आचका, आणि एका बाभळीजवळ ती गप्प झाली. तेव्हा नऊ वाजले असतील.

मी कारबुरेटरजवळची नळी सोडून हँडल मारलं. पेट्रोलची धार यायला हवी होती, दोन थेंब आले. एवढ्यावरून कुणीही सांगितलं असतं.

“आप्पा, पंप हाय.”

“पंप कसा आसंल? नवा हाय. काल पूजा झालीया.”

“पेट्रोल वर येईना.”

“मंग टाकीत घान आसंल. नळी फुंक. दुसरं बघ. त्याला हात लावायचा न्हाई.”

मी टाकीजवळची नळी सोडली आणि तोंडानं फुंकली. घशात पेट्रोल गेलं. नळी साफ होती. आप्पा म्हणाले, पुन्हा बघ. मी पुन्हा बघितली. मग प्लग काढून पुसले, कारबुरेटरमधला बारीक भोकाचा जेट काढून फुंकला, तारा ओढून बघितल्या. यातलं एकही बिघडलेलं नव्हतं आणि हे मला प्रत्येक वेळी आधीच माहीत होतं. तरी मी ते करत राहिलो. मागून पडद्यातून आक्का एकदाच बोलली, “पंप बघ की रे.” आप्पा खेकसले, “तू नको मधी बोलू.”

कापसाच्या गाड्या मानवतकडे निघालेल्या होत्या. प्रत्येक गाडीवाला थांबायचा. “काय झालं, सावकार?” आप्पा म्हणायचे, “काही न्हाई, इंजिन तापलंय.” एकानं वाकून विचारलं, “आत कोन बसलंय?” ज्या वाटेवर कुणाला कळू नये म्हणून मोटार काढली होती, त्याच वाटेवर आम्ही भर उन्हात तीन तास ठाण मांडून बसलो होतो. डबा आणि नळी असती तर मी आप्पांना न विचारता तशीच मोटार नेली असती. ती गोठ्यात होती.

सूर्य डोक्यावर आला. आप्पांची लिंगपूजेची वेळ झाली. ते बाभळीखाली घोंगडी टाकून बसले, गळ्यातलं लिंग काढून तळहातावर घेतलं आणि डोळे मिटले. आता ते मध्येच उठणार नाहीत, हे कळल्यावर मला धीर आला. तेविशीतल्या धडधाकट माणसाला धीर कधी येतो, तर बापाचे डोळे मिटलेले असतात तेव्हा! मी झडपेवरचं बूच खोललं. झडपेच्या कडेखाली अक्षतांचे दोन दाणे अडकले होते. पेट्रोलनं त्यांचं कुंकू धुऊन गेलं होतं, टोकाला तेवढं लाल उरलं होतं. मी ते पिनेनं काढून तळहातावर घेतले, झडप पुसली, बूच लावलं. सगळं मिळून दहा मिनिटं.

आप्पांनी डोळे उघडले तेव्हा मी तळहात पुढे करून उभा होतो. मग त्यांनी ते दोन दाणे चिमटीत धरून उचलले आणि बाभळीच्या बुडाशी टाकले.

“कुनाला सांगू नको,” ते म्हणाले.

“का?”

“काकूला लय वाईट वाटंल. बायामानसांत भांडनं लागत्यात.”

मोटार पहिल्याच हँडलला सुरू झाली आणि मानवतपर्यंत एकदाही अडली नाही. आम्ही पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. वरातीमागून घोडं. आडत्याच्या चुलत्यांनी आम्हाला बसवलं, गूळपाणी दिलं, चहा दिला. वागण्यात काडीची कसर नव्हती. आडत्या स्वतः खाली मान घालून बसला होता. मला वाटतं, त्याच्या मनात होतं. पण चुलते म्हणाले, “पयल्याच खेपेला वाटंत अडथळा आला. त्यात हे दुसरेपनाचं काम. बघू, कळवतो.” आक्काला आत नेऊन कुणी दाखवलंसुद्धा नाही. ती पडवीत एका बाजूला बसून राहिली. आडत्याची धाकटी मुलगी तिच्यापाशी येऊन तिच्या पदराचं टोक हातात धरून उभी राहिली, तर आतून कुणीतरी येऊन तिला उचलून घेऊन गेलं. परतताना सेलूला एका नातेवाइकाकडे मुक्काम केला. लाडू आक्कानं तिथल्या पोरांना वाटले. पंधरा दिवसांनी मानवतहून नकार आला, आणि महिन्याभरात कळलं की आडत्यानं पाथरीकडची चौदा वर्षांची पोर केली. जाणती बाई पाहिजे होती त्याला.

पण ते नंतरचं. आम्ही सेलूहून दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आलो, तेव्हा पानं मांडलेली होती. आप्पा, काका आणि मी जेवायला बसलो. आक्का हातपाय धुऊन लगेच वाढायला लागली. काकांनी विचारलं, काय झालं? आप्पा म्हणाले, वाटेत मोटार बंद पडली, वेळ टळली.

काकू चुलीपासून म्हणाली, “बंद न पडून काय व्हईल? मी नीट पूजा केल्याली वस्तू. हिचा हात लागला तवाच मला कळलं. आपला पाय पांढरा हाय हे मानसानं वळखून ऱ्हावं.”

भाकरीची टोपली घेऊन आक्का माझ्या पानासमोर उभी होती. तिनं भाकरी वाढली नाही. ती माझ्याकडे बघत होती. आप्पांनी आमटीत भाकरी कुस्करायला घेतली आणि खाली बघत कुस्करतच राहिले. मला फक्त ‘अक्षता’ एवढा एक शब्द उच्चारायचा होता. मी मीठ मागितलं.

मीठ काकूनं आणून दिलं. तोवर आक्का पुढच्या पानाकडे गेली होती. त्या दिवसापासून आमच्या घरात ही गोष्ट अशीच सांगितली गेली, की आक्काचा हात लागला म्हणून मोटार बंद पडली. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची, आणि सुळीखालची जमीनही संन्याशानंच सारवायची. पुढे गाय आटली तरी तिचंच नाव निघायचं, कुणाचं बाळंतपण अडलं तरी तिचंच. नवं स्थळ कुणी आणलं नाही. आणलं असतं तरी आप्पांत तेवढं बळ उरलं नव्हतं.

जेवण झाल्यावर मी आप्पांना गोठ्याकडे गाठलं. म्हणालो, “आप्पा, हे बरं न्हाई. आक्काचं नाव खराब व्हायलंय.”

आप्पा म्हणाले, “तिला सवय हाय. काकूला न्हाई.”

आजही मला त्यांचा राग येतो, आणि तो राग करायची माझी लायकी नाही हे आठवून आणखी येतो. ते निदान काकूला जपत होते. मी कुणाला जपत होतो? मोटार त्यांनी वर्षाभरात एका ठेकेदाराला देऊन टाकली. पंप शेवटपर्यंत उत्तम चालला.

निजामाचं राज्य गेलं, आप्पा गेले, काका गेले. सगळ्यात शेवटी काकू गेली, आणि तिचं दोन वर्षांचं अंथरूण आक्कानंच काढलं. काकूचं सगळं उरकल्यावर एका सकाळी मी आक्काजवळ जाऊन बसलो. ती ज्वारी पाखडत होती. केस निम्मे पिकले होते. आता घरात मला अडवणारं कुणी नव्हतं, म्हणून मी ते सांगायला गेलो. माझं धाडस हे असलंच. मी सगळं सांगितलं. उपटलेली बुचं, काकूच्या अक्षता, झडपेतले दाणे, आप्पांनी दिलेली गप्प बसायची ताकीद. सांगताना मला रडू आलं. तिला येईल असं वाटलं होतं.

ती पाखडत राहिली. मग म्हणाली, “मला म्हाईत हाय.”

“तुला कुनी सांगितलं?”

“कुनी कशाला सांगंल? मी मागंच बसल्याली न्हवते का? पडदा सारून बघितलं. तू हात पुढं केलास, आप्पांनी दानं टाकलं. तुमी काय बोललाव तेबी ऐकू आलं.”

“मग तू तवा का बोलली न्हाईस? काकू एवढं बोलत हुती—”

“माझं कोन ऐकलं असतं? तू बोलशील म्हनून थांबले हुते.” तिनं सुपातले खडे वेचून बाजूला ठेवले. “तुमची पानं उचलोस्तोर थांबले.”

मला पुढचं विचारायला नको होतं, पण मी विचारलं, “मंग?”

“मंग काय,” आक्का म्हणाली, “बसले जेवायला.”